मातीच्या वासाचा माग

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं एक शेततळं काठोकाठ भरलेलं आहे असं समजा. उतरत्या कडा धरून त्यात साधारण वीस लाख लिटर पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्यात जिओस्मिन नावाचा पदार्थ फक्त १० मिलिग्रॅम टाकला आणि नीट मिसळला, तर तळ्यातलं ग्लासभर पाणी तोंडाशी नेताना तिखट नाकाच्या माणसाला चटकन जाणवेल की पाण्याला ओल्या मातीचा वास येतोय. लिटरमागे ५ ते १० नॅनोग्रॅम एवढं जिओस्मिन आपल्याला कळून येतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

पहिल्या पावसाबरोबर उठणाऱ्या वासात मोठा वाटा या पदार्थाचा असतो, आणि तो बनवणारे असतात मातीतले जिवाणू. त्यांत स्ट्रेप्टोमायसिस हे सगळ्यात मोठं घराणं. बुरशीसारखे तंतू पसरत हे वाढतात आणि अन्न आटत आलं की तंतूंच्या टोकांना बीजाणूंच्या माळा धरतात. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन याच घराण्यातल्या एकाने आपल्याला दिलं. यांनी बनवलेला वास जमिनीत अडकून राहतो आणि पावसाच्या थेंबाने सुटतो. सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला की त्याच्या खाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत २०१५ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने हे दृश्य टिपलं गेलं. मुसळधार पावसापेक्षा हलक्या आणि मध्यम सरीने असे तुषार जास्त उडतात, असंही त्यात दिसलं.

मला यातली सगळ्यात नवलाची गोष्ट वेगळीच वाटते. हा वास म्हणजे १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि एका ऑक्सिजनचा रेणू आहे, त्यातला कुठला अणू कुठे बसलाय, हेसुद्धा आपण छातीठोकपणे सांगू शकतो. जी गोष्ट दिसत नाही, चिमटीत येत नाही आणि तळ्याएवढ्या पाण्यात दहा मिलिग्रॅमच असते, तिचा ठावठिकाणा माणसाने लावला कसा?

प्रयत्न जुना आहे. १८९१ मध्ये पॅरिसमध्ये मार्सेलँ बर्तेलो आणि गुस्ताव्ह आंद्रे या रसायनशास्त्रज्ञांनी मातीच्या वासावर एक निबंधच प्रसिद्ध केला. माती पाण्याबरोबर तापवून त्यांनी तिचा अर्क काढला. अर्काला मातीचा वास होता, पण पदार्थ इतका थोडा होता की त्याची ओळख पटणं त्या काळच्या साधनांच्या आवाक्यातलं नव्हतं. पुढची सत्तर वर्षं गोष्ट तिथेच थांबली. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोघांनी कोरड्या खडकांवर आणि मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिलं. त्या लेखात त्यांनी उत्तर प्रदेशातल्या मिट्टी अत्तराची आठवण काढली आहे. कनौजचे अत्तरवाले भाजलेली माती तांब्याच्या देगीत पाण्याबरोबर उकळतात आणि निघालेली वाफ चंदनाच्या तेलात मुरवतात. त्या अत्तरात एकटं जिओस्मिनच असतं असं नाही. मातीने आणि दगडाने हवेतून शोषून घेतलेली कितीतरी द्रव्यं त्यात उतरतात. पण उडून जाणारा वास एखाद्या तेलकट पदार्थात धरून ठेवायचा, ही त्यामागची युक्ती लक्षात ठेवा. आजच्या प्रयोगशाळेतलं एक अत्यंत नेमकं साधन त्याच युक्तीवर चालतं.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लशव्हालिए यांनी मातीऐवजी थेट जिवाणू हाताशी धरला. मातीत शंभर गोष्टी असतात. शुद्ध जिवाणू पात्रात वाढवला तर त्याचा वास त्याचाच. हा पदार्थ त्यांनी वेगळा काढला, त्याला जिओस्मिन हे नाव दिलं, आणि १९६८ मध्ये गर्बर यांनी त्याची रचना मांडली. ज्या संस्थेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, तिथेच स्ट्रेप्टोमायसिसच्या वासाचंही कोडं सुटलं.

गर्बरना त्यासाठी जिवाणूंचं भरपूर द्रावण लागलं. आज तेच काम २० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत होतं, आणि ते कसं होतं हे जवळून पाहण्यासारखं आहे.

बाटलीत तळाला थोडं पोषक माध्यम असतं आणि त्यावर स्ट्रेप्टोमायसिसची खडूसारखी, करडी-पांढरी वाढ. तोंडाला ॲल्युमिनियमचं टोपण आवळलेलं असतं आणि टोपणाच्या मधोमध रबरासारख्या सिलिकॉनची चकती. रसायनशास्त्रज्ञाला जिवाणूत रस नसतो आणि माध्यमातही नसतो. त्याला हवी असते वरची रिकामी जागा. तिला हेडस्पेस म्हणतात. जिवाणूने हवेत सोडलेलं सगळं तिथे जमा झालेलं असतं. उडून जाण्याजोगे हे लहान रेणू, म्हणजे बाष्पनशील संयुगं, द्रवातून हवेत आणि हवेतून द्रवात सतत येजा करत असतात. बाटली ६० अंशांच्या आसपास तापवली की हवेतली बाजू जड होते. नमुना पाण्याचा असेल तर त्यात मीठ घालतात; खारट पाण्यात या रेणूंना थारा उरत नाही आणि ते हवेचा रस्ता धरतात.

मग चकतीतून एक बारीक सुई आत जाते. सुईच्या पोटात केसाएवढ्या जाडीचा, सेंटिमीटरभर लांबीचा काचतंतू लपलेला असतो. दट्ट्या दाबला की तो बाहेर डोकावतो. त्याच्यावर पॉलिमरचा थर असतो, काही दशांश मिलिमीटरसुद्धा नाही एवढा पातळ. या थरात वासाचे रेणू मुरतात. अर्ध्या तासाने तंतू पुन्हा सुईत ओढून घेतात आणि सुई बाहेर काढतात. झालं. विद्रावक नाही, गाळणं नाही, आटवणं नाही. बाटलीतल्या हवेचा सारांश त्या तंतूवर आलेला असतो. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात यानुश पावलिशिन आणि कॅथरिन आर्थर यांनी १९९० मध्ये ही रीत जगापुढे मांडली. कनौजला जे चंदनाचं तेल करतं तेच इथे पॉलिमरचा थर करतो.

याआधीची एक रीत अजूनही मानाने वापरात आहे. स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट ग्रोब यांनी पिण्याच्या पाण्यातली अतिसूक्ष्म द्रव्यं शोधण्यासाठी ती १९७० च्या दशकात बसवली. एका बंद वळशात छोटा पंप तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि वाटेत दोन-तीन मिलिग्रॅम कोळशाची गाळणी ठेवलेली असते. तासन्‌तास फिरलेल्या हवेतला सगळा वास त्या चिमूटभर कोळशात अडकतो, आणि विद्रावकाच्या थेंबभरात तो धुऊन निघतो. जिवाणूंच्या वासांवर काम करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आजही या रीतीवर फार विसंबून असतात, कारण तंतूवर अडकलेला नमुना एका तपासणीत संपतो. थेंबभर अर्क मात्र पुन्हा पुन्हा तपासता येतो.

इथे एका बाटलीबद्दल बोलायलाच हवं, जिच्याबद्दल लेखांत एखाद-दुसरं वाक्य असतं. ती कोरी बाटली. तिच्यात माध्यम तेच, तापमान तेच, वेळ तीच, फक्त जिवाणू नाही. हवा तपासणाऱ्या यंत्राला जिवाणूचं प्रेम नसतं. त्याला जे जे हवेत सापडेल ते सगळं ते दाखवतं. निर्जंतुकीकरणासाठी उकळलेल्या माध्यमातूनच भाजल्यासारख्या वासाची पायराझिनं निघतात. प्लास्टिकच्या पेट्री डिशमधून स्टायरीन सुटतं, म्हणून या कामाला काचेच्या डिश लागतात. टोपणाच्या चकतीतून आणि खुद्द यंत्राच्या नळीतून सिलिकॉनचे तुकडे गळत राहतात. अनुभवी माणूस आलेखावर त्या तुकड्यांचे २०७ आणि २८१ हे आकडे दिसले की मान हलवून पुढे जातो. हाताला लावलेलं सॅनिटायझर, शेजारच्या टेबलावरचं ॲसिटोन, कुणाचं अत्तर, सगळं आत शिरतं. जे कोऱ्या बाटलीत नाही आणि जिवाणूच्या बाटलीत आहे, तेवढंच जिवाणूचं. या शास्त्रातला प्रामाणिकपणा माझ्या मते त्या कोऱ्या बाटलीत आहे.

आता सुई गॅस क्रोमॅटोग्राफच्या तोंडात खुपसतात. तिथे २५० अंशांची धग असते. तंतूत मुरलेले रेणू एका झटक्यात सुटतात आणि हेलियमच्या मंद झुळुकीबरोबर एका नळीत शिरतात. ही नळी साधारण ३० मीटर लांब असते, आतून पाव मिलिमीटर रुंद, आणि वेटोळं करून भट्टीत टांगलेली. तिच्या आतल्या भिंतीलाही पातळ थर दिलेला असतो. सगळे रेणू एकाच क्षणी आत शिरतात, पण आषाढीला आळंदीहून एकत्र निघालेल्या वारकऱ्यांसारखे वाटेत पांगतात: कुणी मुक्कामाला टेकून लगेच उठतो, कुणी प्रत्येक ठिकाणी रेंगाळतो. हलके, थराशी फारशी सलगी न करणारे रेणू पुढे निघतात. जड आणि चिकट रेणू मागे राहतात. भट्टी ४०-५० अंशांपासून हळूहळू २५० अंशांपर्यंत चढत जाते, तसे मागचेही एकेक करून उठतात. जिओस्मिन उडायला तसं आळशी. ते बऱ्याच उशिरा बाहेर येतं. पाऊण तासात शे-दीडशे द्रव्यांचं मिश्रण एकेकाच्या रांगेत मोकळं झालेलं असतं.

ही कल्पना लंडनमध्ये १९५२ साली ॲंथनी जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी प्रत्यक्षात आणली. याआधीच्या वर्णलेखनाच्या, म्हणजे क्रोमॅटोग्राफीच्या, कामासाठी मार्टिन यांना रिचर्ड सिंज यांच्याबरोबर त्याच वर्षी नोबेल मिळालं. जेम्स आणि मार्टिन यांनी पहिल्यांदा वेगळी करून दाखवली ती बाष्पनशील स्निग्धाम्लं. आंबलेल्या ताकाला, मुरलेल्या चीजला, घामट मोज्यांना जो वास येतो त्यातली बरीच द्रव्यं याच कुळातली, म्हणजे जिवाणूंचीच कामगिरी. पुढे इस्पितळांच्या प्रयोगशाळांत, हवा न सोसणारे जिवाणू ओळखायला हीच रीत लावली गेली: कुठल्या जातीने कुठली आम्लं किती सोडली यावरून तिची ओळख. मार्टिननी वापरलेल्या नळीत भुकटी भरलेली असे. मार्सेल गोले यांनी १९५७ मध्ये भुकटी काढून टाकली, भिंतीलाच थर दिला, आणि १९७९ मध्ये ही नळी शुद्ध सिलिकाची, लवचीक झाली. आजची वेटोळी त्यांचीच वंशज.

नळीच्या टोकाला पोहोचलेला रेणू निर्वातात शिरतो आणि तिथे त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. माऱ्याची ताकद जगभर एकच ठेवतात, ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एका जातीचा रेणू या माऱ्याने दरवेळी त्याच ठिकाणी, त्याच प्रमाणात तुटतो. अख्ख्या जिओस्मिनचं रेणुवस्तुमान १८२, पण अख्खा रेणू यात क्वचितच तगतो. सगळ्यात उंच रेघ उमटते ती ११२ वर. मुंबईतल्या यंत्रात ती ११२ वर येते आणि ओस्लोतल्या यंत्रातही ११२ वरच, म्हणून तुकड्यांची ही नक्षी जगभर तुलनेला चालते. अशा लाखो नक्ष्यांची संग्रहालयं संगणकात भरून ठेवलेली असतात आणि यंत्र क्षणात सांगतं: हे जिओस्मिन, जुळणी अमुक टक्के.

इथे नवखा माणूस फसतो. कितीतरी टर्पीनवर्गी रेणू जवळपास सारखेच तुटतात, आणि यंत्र प्रत्येकाला ठासून नाव देतं. म्हणून एर्विन कोव्हाच यांनी १९५८ मध्ये सुचवलेली पट्टी हाताशी ठेवतात. कार्बनची साखळी एकेकाने वाढत जाणारी हायड्रोकार्बनं त्याच नळीतून सोडायची, आणि आपला रेणू त्यातल्या कुठल्या दोघांच्या मधे बाहेर येतो ते पाहायचं. नक्षी जुळली आणि वेळही जुळली, की मग शुद्ध जिओस्मिनची बाटली फोडून त्याच यंत्रात घालायची. तिन्ही जुळलं तरच नाव लिहायचं.

आणि कधी कधी काहीच जुळत नाही. जर्मनीतल्या रोस्टोक इथे बिर्गिट पीखुला यांच्या प्रयोगशाळेत सेरॅशिया प्लिमुथिका नावाचा, वनस्पतींच्या मुळांशी राहणारा एक जिवाणू आलेखावर सगळ्यात उंच असं एक शिखर दाखवत होता, आणि त्याची नक्षी कुठल्याच संग्रहात नव्हती. शेवटी तो पदार्थ साठवून त्याची रचना मुळापासून उलगडावी लागली. २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. नाव सोडोरिफेन, १६ कार्बनचा सांगाडा, आणि त्यावर जागोजाग मिथाइल गट असे खोवलेले की रसायनशास्त्रज्ञांनी निसर्गात तसं काही आधी पाहिलं नव्हतं. एका साध्या जिवाणूने!

जिओस्मिनकडे परत येतो, कारण त्याच्यात आणखी एक पदर आहे. त्याच्या रेणूला उजवं-डावं असतं. आपले दोन हात जसे एकमेकांवर ठेवून जुळत नाहीत, तशी त्याची दोन रूपं. दोघांचं वजन एक, तुकड्यांची नक्षी एक, साध्या नळीतून बाहेर पडायची वेळही एक. साखरेच्या रेणूंची कडी करून बनवलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनचा थर नळीला दिला तरच ती वेगळी होतात. जिवाणू यातलं एकच रूप बनवतात, डावं; आणि आपलं नाक त्या डाव्याला उजव्यापेक्षा सुमारे आठपट अधिक हळवं आहे. लाखो रुपयांच्या यंत्राला खास नळी लावल्याशिवाय जो फरक दिसत नाही, तो नाकाला जन्मतःच कळतो.

जिवाणू हे घडवतात कसं, तेही उलगडलं आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात डेव्हिड केन यांच्या गटाने स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूतलं नेमकं विकर, म्हणजे एन्झाइम, २००७ मध्ये दाखवून दिलं. ते १५ कार्बनचा एक सरळ धागा घेतं, त्याला वळवून कडी करतं, मग तीन कार्बनचा तुकडा ॲसिटोन म्हणून उडवून देतं, आणि उरतात बारा. एकच विकर हे सगळं एकट्याने करतं.

यंत्र एवढं जाणतं, तरी नाकाला सुट्टी नाही. अनेक प्रयोगशाळांत नळीचं टोक दोन फाट्यांत विभागतात. एक फाटा यंत्राकडे जातो, दुसरा काचेच्या छोट्या नरसाळ्याकडे, आणि तिथे माणूस नाक लावून बसतो. पडद्यावर शिखरं उमटत असतात आणि माणूस नोंदवतो: आता लोणी, आता काहीच नाही, आता लसूण, आता ओली माती. पुष्कळदा पडद्यावर डोंगराएवढं शिखर येतं आणि नाकाला काहीच वास येत नाही. आणि जिथे आलेख सपाट दिसतो तिथे माणूस दचकून मान मागे घेतो. कुठलं द्रव्य भरपूर आहे हे यंत्र सांगतं. वास कुणाचा येतोय हे नाक सांगतं.

हे नाक माणसाचंच असायला हवं असंही नाही. मातीत स्प्रिंगटेल नावाचे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, उड्या मारणारे सहा पायांचे जीव राहतात. २०२० मध्ये स्वीडनच्या कृषिविज्ञान विद्यापीठातले पॉल बेखर आणि इंग्लंडच्या जॉन इनिस सेंटरमधले त्यांचे सहकारी यांनी या जीवांच्या शृंगिकेलाच, म्हणजे डोक्यावरच्या वास घेणाऱ्या मिशीला, यंत्राच्या टोकाशी बसवलं. शृंगिकेला दोन अतिसूक्ष्म विद्युतअग्रं जोडायची आणि नळीतून एकेक द्रव्य तिच्यावरून वाहू द्यायचं. बहुतेक द्रव्यांना शृंगिका गप्प. जिओस्मिन आलं आणि तिच्यातून विजेची लहर उमटली. जिओस्मिनच्याच जोडीने येणाऱ्या, थोड्या कापरासारख्या वासाच्या मिथाइलआयसोबोर्निओललाही तिने तशीच दाद दिली.

त्यामागचं कारण फार सुंदर आहे. जिओस्मिनची निर्मिती चालू करणारी जनुकं बीजाणू तयार करणाऱ्या यंत्रणेच्याच ताब्यात असतात; बीजाणू धरायची वेळ आली की वास सुटतो. वासाच्या मागावर स्प्रिंगटेल येतात, स्ट्रेप्टोमायसिस खातात, आणि बीजाणू त्यांच्या अंगाला चिकटून व विष्ठेतून दूरवर पसरतात. म्हणजे पहिल्या पावसात आपल्याला जो वास येतो ते मुळात दुसऱ्या कुणाला दिलेलं आमंत्रण आहे. फळमाशीला मात्र हाच वास धोक्याचा. २०१२ मध्ये दिसून आलं की तिच्या शृंगिकेत जिओस्मिनसाठी एक स्वतंत्र ग्राहक आहे, दुसऱ्या कशालाच तो दाद देत नाही, आणि तो जागा झाला की माशी कितीही पिकलेलं फळ सोडून निघून जाते. घातक जिवाणू आणि बुरशी वाढलेल्या अन्नापासून तिचं असं रक्षण होतं.

जिवाणूंचे वास वनस्पतींपर्यंतही पोहोचतात. दक्षिण कोरियाचे चूंग-मिन र्यू यांनी अमेरिकेत काम करताना २००३ मध्ये मधोमध भिंत असलेली पेट्री डिश घेतली. एका कप्प्यात जिवाणू, दुसऱ्यात अराबिडॉप्सिसची रोपं. माध्यम वेगळं, मुळं वेगळी, फक्त हवा सामायिक. बॅसिलस जिवाणूंच्या शेजारची रोपं ठसठशीत मोठी झाली. हवा तपासल्यावर त्यात ॲसिटोइन आणि २,३-ब्युटेनडायॉल सापडलं. प्लास्टिकची एक भिंत आणि एवढा मोठा निष्कर्ष. प्रयोग असा असावा.

नळीची वाट न पाहता हवा थेट मोजणारी यंत्रंही आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे वेर्नर लिंडिंगर यांच्या गटाने बनवलेलं यंत्र वासाच्या रेणूला एक प्रोटॉन चिकटवतं आणि लगेच त्याचं वजन करतं. सेकंदांत उत्तर मिळतं, जिवाणू वाढत असताना त्याचा वास तासातासाने कसा पालटतो ते दिसतं. मात्र सारख्या वजनाच्या दोन द्रव्यांत ते गोंधळतं, त्यामुळे जुन्या नळीची सुटका नाही. वासावरून रोगजंतू ओळखायचेही प्रयत्न आहेत. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा फुप्फुसात ठाण मांडणारा जिवाणू द्राक्षासारख्या वासाचं अमिनोॲसिटोफिनोन सोडतो. रुग्णाच्या श्वासातून तो ओळखता येईल का, यावर बरंच काम झालं आहे. जुन्या पिढीतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डिशचं झाकण किलकिलं करून हुंगत आणि जिवाणूचं नाव सांगत. आता ते निषिद्ध आहे, आणि योग्यच आहे. ब्रुसेलासारखे जिवाणू श्वासावाटे आत जाऊन प्रयोगशाळेतल्या माणसालाच आजारी पाडतात.

समुद्राचा वासही बराचसा असाच. शैवालांनी साठवलेल्या एका गंधकयुक्त पदार्थाचं जिवाणू डायमिथाइल सल्फाइड करतात आणि ते हवेत जातं. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी झुआरीच्या पाण्यातलं हे द्रव्य ऋतूंप्रमाणे कसं कमी-जास्त होतं ते मोजलं आहे.

पाणीपुरवठ्याच्या कामात जिओस्मिन हा रोजचाच विषय आहे. तलावात निळे-हिरवे जिवाणू माजले की तेही जिओस्मिन सोडतात, आणि पाणी शुद्ध असूनही लोक नळ सोडून तक्रार करतात. क्लोरीनने ते जात नाही. सक्रिय कोळसा किंवा ओझोन लागतो. कधी लागेल ते ठरवायला तोच काचतंतू, तीच नळी, तोच ११२ चा आकडा कामी येतो.

आणि डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती डास. अंडी घालायला त्याच्या माद्या असं पाणी शोधतात जिथे अळ्यांना खायला सूक्ष्मजीव असतील, आणि ते त्यांना जिओस्मिनच्या वासावरून कळतं. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात मियामीत मैदानी चाचणीही झाली: जिओस्मिन घातलेल्या सापळ्यांत साध्या पाण्याच्या सापळ्यांपेक्षा जास्त अंडी पडली. शुद्ध जिओस्मिन महाग पडतं. पण तोच मातकट वास बीटलाही असतो, आणि त्याच्याच द्रव्यामुळे. संशोधकांनी बीटच्या साली सापळ्यात घालून पाहिल्या, आणि माद्या त्यांच्याकडेही आल्या.